शिवाराची वाट आणि नायकाची जबाबदारी

येळवशीच्या दिवशी मुरुडच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. लातूर-धाराशिव पट्ट्यातील माणूस वेळ अमावास्येला घरात जेवत नाही. तो शेतात जेवतो. कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांची पंगत बसते आणि आप्तेष्टांबरोबर वाटसरूलाही आग्रहाने त्या पंगतीत बसविले जाते. वर्षभर पुस्तकात मान घालून बसलेली मुलेही त्या दिवशी बांधावर दिसतात. मात्र दुसरा दिवस उजाडला, की शिवाराशी त्यांचे नाते पुन्हा वर्षभरासाठी तुटते.

'लातूर पॅटर्न'ने या भूमीला शिक्षणाच्या नकाशावर मानाचे स्थान मिळवून दिले, हे निर्विवाद आहे. मुरुडसारख्या गावांतील कितीतरी आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविले, मोठे केले. त्या कष्टांविषयी आदरच बाळगायला हवा. पण याच प्रवासात एक गोष्ट हातची निसटत चालली आहे. सतरा वर्षांच्या मुलाला मुळांचे सारे प्रकार तोंडपाठ असावेत आणि स्वतःच्या बांधावरचे झाड ओळखता येऊ नये. दख्खनच्या पठारावरील प्रश्नाला त्याने पूर्ण गुण मिळवावेत आणि उत्तरेची मांजरा व दक्षिणेची तेरणा यांच्या मधली आपली भूमी त्याने पायांनी कधी मोजलेली नसावी, याला शिक्षणाची परिपूर्णता कसे म्हणावे?

उपाय अवघड नाही. गावातील वीस-पंचवीस तरुण-तरुणींनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी जाणत्या माणसांबरोबर पायी निघावे, दिवसभर शिवार पाहावे आणि दिवेलागणीच्या आत परतावे. परंतु असा बेत कोणी मांडला, की पालकांकडून पहिला प्रश्न येतो : "आणि काही झाले तर?" या प्रश्नाला हसण्यावारी नेणारे संयोजक आणि या प्रश्नापुढे बेतच गुंडाळून ठेवणारे संयोजक, असे दोन वर्ग सर्वत्र आढळतात. दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे कष्ट टाळतात.

दोन मुरुड

मुरुड हे नाव महाराष्ट्राला एका दुःखद घटनेमुळेही ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रकिनारी पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल आली होती. शंभराहून अधिक विद्यार्थी होते, सोबत शिक्षकही होते. दुपारी पाण्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांपैकी चौदा जणांना समुद्राने ओढून नेले. चौदा घरांचे दिवे एका दुपारी मालवले.

कोकणातले मुरुड आणि लातूर जिल्ह्यातले मुरुड यांच्यात नावापलीकडे काहीच साम्य नाही. तिकडे अथांग समुद्र. इकडे त्याच वर्षी, १२ एप्रिल २०१६ रोजी, तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. अशा प्रदेशात बुडण्याचा धोका कसला, असे कोणालाही वाटेल. पण मराठवाड्याच्या कोरड्या शिवारातही पाणी जीव घेते. त्याच २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही शासकीय योजना सुरू झाली आणि आज गावोगावी शेततळी दिसतात. पाणी मुरू नये म्हणून त्यांना प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते. उतरत्या काठाचे ते अस्तर ओले झाले, की त्यावर पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काही सापडत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन बाहेर पडू शकत नाही. त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि एकाचे दोन होतात. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींचेही तसेच. धोका ओळखीच्या रूपात येत नाही, म्हणूनच तो घात करतो.

अपघातानंतर आपल्याकडे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. काही काळ सहली बंद होतात. परिपत्रके निघतात. मग 'अपघात झाल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत' असे छापलेल्या हमीपत्रावर पालकांची सही घेतली जाते आणि गाडी पूर्वीच्याच रुळावरून धावू लागते. ज्या कागदाने मुलाचे रक्षण होत नाही, केवळ संयोजकाची सुटका होते, त्याला तयारी म्हणणे ही आत्मवंचना आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. हे स्वागतार्हच आहे. पण नियमाची धाव कागदापर्यंत. शिवारात मुलांबरोबर चालणार आहे तो त्यांचा नायक. खरी तयारी त्याची व्हायला हवी.

मागे राहिलेल्यांचे काय?

पदभ्रमणातील दुर्घटनांचा इतिहास पाहिला, तर एक सूत्र वारंवार दिसते. संकट येते तेव्हा सर्वांत दुबळा घटक सर्वांत एकटा पडलेला असतो. स्कॉटलंडमधील केअरनगॉर्म पर्वतावर नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या शाळकरी मुलांची एक तुकडी गेली होती. अधिक सक्षम मुलांचा एक गट आणि तुलनेने कमी अनुभवी मुलांचा दुसरा, अशी विभागणी झाली. हिमवादळाने गाठले, तेव्हा पहिला गट निवाऱ्याला पोहोचला. दुसरा उघड्यावर अडकला. पाच विद्यार्थी आणि अवघ्या अठरा वर्षांची एक प्रशिक्षणार्थी सहायिका अशा सहा जणांना प्राण गमवावे लागले. ब्रिटनमध्ये त्यानंतर मुलांना डोंगरात नेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि पात्रतेचा प्रश्न गांभीर्याने हाताळला गेला. सहली मात्र थांबल्या नाहीत.

मुरुडच्या शिवारात हिमवादळ येणार नाही. पण मोबाइलवर छायाचित्रे काढत पुढे धावणारी चार मुले, मधे विखुरलेला घोळका आणि अर्धा मैल मागे टाचेला फोड आल्यामुळे लंगडत येणारा एक लाजाळू मुलगा, हे चित्र कोणत्याही सहलीत दिसते. तो मुलगा काही बोलत नाही, कारण आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल, मित्र हसतील, अशी त्याला भीती असते. उन्हाची तिरीप सहन न होणारी मुलगीही अशीच गप्प राहते. अपघाताची पहिली पायरी बहुधा हीच असते. कोणाला तरी काहीतरी जाणवलेले असते. पण ते सांगण्याची सोय नसते.

दिंडीचा धडा

या बाबतीत बाहेरून काही शिकून येण्यापूर्वी महाराष्ट्राने आपल्याच वारीकडे विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहावे. लाखो माणसे, त्यात वृद्ध आणि स्त्रिया मोठ्या संख्येने, आठवडेच्या आठवडे पायी चालतात, ती केवळ भक्तीच्या बळावर नव्हे. त्या भक्तीला व्यवस्थेचे भक्कम अधिष्ठान आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीच्या पालखी सोहळ्याला जे शिस्तबद्ध रूप दिले, त्यात प्रत्येक दिंडीचे स्थान ठरलेले आहे, निघण्याची वेळ ठरलेली आहे, विसावे ठरलेले आहेत.

मुक्कामी पोहोचल्यावर होणारी समाजआरती तर प्रत्येक युवक-गटाने अभ्यासावी. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सारे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातो, तक्रार ऐकून घेतो, मार्ग काढतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि मगच आरती होते. एवढ्या प्रचंड समुदायात लहानात लहान दिंडीलाही सर्वांना थांबवून ठेवण्याचा अधिकार आहे! शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई, तुळजापूर अशी मराठवाड्यातूनच पंढरीला जाते. शुभ्र वेशातील वारकऱ्यांच्या त्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना शिस्त आणि आनंद परस्परविरोधी नसतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

युवकांच्या पदभ्रमणाची सारी तयारी याच एका तत्त्वावर उभी राहू शकते. गटाचा वेग सर्वांत मागे चालणारा ठरवील आणि गटाला थांबविण्याचा अधिकार सर्वांत लहानालाही असेल. दर तासाला दहा मिनिटे थांबावे. नायकाने प्रत्येकाला नावाने विचारावे. तक्रार सांगणाऱ्याला कोणी हसणार नाही, याची खबरदारी घ्यावी. पुढे वाट जाणणारा, तर सर्वांत शेवटी गटातील अनुभवी व धीराचा माणूस असावा. प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच हवी, कारण दुखापत झालेला माणूस मागे पडतो, पुढे जात नाही. प्रत्येकाची जोडी ठरलेली असावी आणि प्रत्येक थांब्यावरून उठताना क्रमांक पुकारून मोजणी व्हावी. ही मोजणी कंटाळवाणी वाटते. पण ती चुकलेली कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

महिनाभर आधीची तयारी

पदभ्रमणाचा आरंभ निघण्याच्या दिवशी होत नाही. तो महिनाभर आधी होतो. पहिले काम वाट पाहून येण्याचे. दोघा-तिघा जाणत्यांनी ठरलेल्या वाटेने स्वतः चालून यावे आणि तेही ज्या वेळी गट निघणार त्याच वेळी निघून. सावली कोठे आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळते, शेततळी व विहिरी कोठे आहेत, मोबाइलला कोठे रेंज नाही, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या फाट्यापर्यंत येऊ शकते, याची टिपणे करावीत. ज्यांच्या बांधावरून जायचे, त्या शेतकऱ्यांची आधी परवानगी घ्यावी. परवानगी मागितलेला शेतकरी संकटाच्या वेळी पहिला धावून येतो, हा लाभ वेगळाच.

दुसरे काम शरीराच्या तयारीचे. दिवसभर वर्गात बसणाऱ्या मुलांना एकदम वीस किलोमीटर चालविणे हे शौर्य नव्हे. पहिल्या आठवड्यात चार, मग आठ, मग बारा किलोमीटर, अशा चढत्या क्रमाने पाय तयार होतात. बुटांच्या चुकाही याच काळात कळतात. सहलीसाठी नवे कोरे बूट घेऊन निघालेल्यांच्या पायांना हमखास फोड येतात. वापरातले बूट व सुती मोजे केव्हाही बरे. पाणी चालण्याच्या प्रत्येक तासाला साधारण अर्धा लिटर या हिशेबाने जवळ असावे. शिदोरीसाठी धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाणे यांच्यापेक्षा उत्तम काही नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे जलसंजीवनीचे प्रमाण प्रत्येकाला पाठ हवे.

तिसरे काम माहितीचे. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे पालकांना विश्वासात घेऊन विचारावे आणि ते गुप्त राखावे. मुली असतील, तर स्त्री कार्यकर्त्या सोबत हव्यातच आणि प्रसाधनाची सोय आधी पाहिलेली हवी. दहा मुलांमागे एक जाणता माणूस, हे प्रमाण सांभाळावे. वाट, नावे आणि परतण्याची वेळ लिहिलेला कागद गावात एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा आणि अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही, तर तिने काय करायचे, हेही ठरवावे. हमीपत्राऐवजी असा कागद पालकांच्या हाती दिला, तर "काही झाले तर?" या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.

चौथे काम शिवाराच्या धोक्यांची ओळख करून देण्याचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता यावेत. दंश झालाच, तर चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून बांधणे हे अघोरी उपाय सोडून तो अवयव न हलविता रुग्णाला धीर देत तातडीने रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरील लस कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी. विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंवर ज्यांच्या संशोधनाने मोठा आळा घातला, ते पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्याचे सुपुत्र. त्यांच्या कार्याची गोष्ट मुलांना सांगितली, तर दगड उचलण्यापूर्वी काळजी का घ्यायची, हे उपदेशाविना कळेल.

मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत हा धोका सर्वाधिक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे ॲप नायकाच्या मोबाइलमध्ये हवे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर धोका जवळ आहे. पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाचा आसरा कधीही घेऊ नये. आग्या मोहोळाच्या जवळ धूर, गोंगाट व दगडफेक नको. शेततळ्यात कोणी पडलेच, तर उडी न मारता दोर किंवा लांब काठी टाकावी. म्हणून वीस मीटरचा मजबूत दोर गटाजवळ असायलाच हवा.

राहिला रस्ता. साप-विंचवाच्या भीतीने ज्या पालकांची झोप उडते, त्यांना रस्त्याची भीती क्वचितच वाटते. वास्तविक ती अधिक वाटायला हवी. लातूर-टेंभुर्णी मार्गावरील वाहनांची वर्दळ मुरुडकरांना सांगायला नको. गाळपाच्या हंगामात त्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. शक्यतो पाणंद आणि गाडीवाट धरावी. रस्त्यावरून जाणे अटळच असेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यापूर्वी गट घरी असावा.

परतण्याचे धैर्य

एवढी तयारी झाल्यावरही एक गोष्ट उरते आणि ती सर्वांत कठीण आहे. ती म्हणजे नायकाने 'नाही' म्हणणे. आभाळ भरून आले, ठरल्या वेळेत निम्मी वाट सरली नाही, कोणाला ताप भरला, तर गट मागे फिरवावा लागतो. मुले हिरमुसतात, सहकारी नाराज होतात, गावात चेष्टा होते. परतण्याची वेळ निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरविली, तर हा निर्णय सोपा जातो. कारण मग तो नायकाची लहर राहत नाही, सर्वांनी मान्य केलेला नियम होतो. येडशीजवळच्या रामलिंगला पावसाळ्यात गेलेल्या गटाने ओहोळाचे पाणी वाढताना पाहून काठावरूनच नमस्कार केला, तर देव रुसत नाही. आपल्या परंपरेत माघारीला कमीपणा मानलेला नाही. पुरंदरचा तह करून वेळ साधणारे आणि पुढे गेलेले गड परत जिंकणारे शिवछत्रपती ज्या भूमीचे आराध्य आहेत, तेथे विवेकाने घेतलेली माघार भ्याडपणाची कशी ठरेल?

आणि अशा चढत्या तयारीच्या शेवटी मुरुडच्या तरुणांसाठी एक सुंदर गंतव्य हाकेच्या अंतरावर आहे. ते म्हणजे तेरणेकाठचे तेर. दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' या नावाने ग्रीक नाविकाच्या लेखनात नोंदले गेलेले, जेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे ते नगर; विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर; रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय; आणि चिखल तुडविता तुडविता विठ्ठलाशी एकरूप झालेल्या गोरोबाकाकांची समाधी. हे सारे गाडीने तासाभरात पाहून होते. पण पायी चालत जाऊन त्या उंबरठ्यावर टेकविलेल्या माथ्याचे मोल वेगळे असते.

त्या दिवशी सर्वांत पुढे कोण पोहोचला, याची नोंद कोणी ठेवू नये. सर्वांत मागचा मुलगा उंबरठ्याशी येईपर्यंत बाकीचे बाहेर थांबले होते काय, एवढेच पाहावे. थांबले असतील, तर त्या गटाची तयारी पूर्ण झाली, असे खुशाल समजावे. आणि त्या गटातील तरुण उद्या संसारात, व्यवसायात, समाजकार्यात जेथे कोठे असतील, तेथे मागे राहिलेल्याची वाट पाहतील, हा विश्वासही बाळगावा.